बंबावरची टिचकी

परसातल्या बर्फावर काळं पाणी सांडत होतं.

मी वरच्या मजल्यावर खिडकीशी दोन रजया लपेटून बसले होते. बाळंतीण होते, खाली उतरायची बंदी होती. खाली जयवंत उकिडवे बसून रबरी नळीचं तोंड गटाराच्या जाळीवर धरून होते. नवऱ्याचं नाव मी तेव्हा घेत नसे. आता नातसून यायची वेळ झाली, आता कसली लाज! तर जयवंतांच्या हातातल्या नळीतून येणारं ते पाणी इतकं काळं होतं की मला शिसारी आली.

"अहो, हे आपल्या घरातलं पाणी?" खिडकी फटभर उघडून मी विचारलं.

"वर्षानुवर्षं लोखंडातून फिरतंय. गंज आहे तो. खिडकी लाव, पोरगी गारठेल!"

मी खिडकी लावली, पण कान काचेलाच होता. भिंतीपलीकडे शेजारच्या मिसेस क्लेग डोक्याला रुमाल बांधून उभ्या होत्या. रबरी नळी त्यांचीच होती.

"शेगडी पुरती विझलीय ना?" त्यांनी विचारलं.

"काल संध्याकाळीच विझवली."

"मग पाणी भरेपर्यंत तशीच राहू दे. मागच्या गल्लीत एका नाताळात अशीच पेटवली होती, आत पाणी नसताना. तापल्या लोखंडात पाणी सोडलं, आणि पुढची भिंत रस्त्यात येऊन पडली. त्या घरातली पोरं मी सांभाळायची."

जयवंत मान हलवून हसले. मिसेस क्लेग हसल्या नाहीत. त्यांनी वर माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या.

हे इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं कापडगिरण्यांचं गाव. जयवंत मूळचे इचलकरंजीचे, मागाच्या खडखडाटात वाढलेले, आणि इथल्या एका गिरणीत यंत्रांच्या देखभालीवर होते. आमचं घर दगडी, अरुंद आणि उभंच्या उभं. बैठकीच्या खोलीत कोळशाची शेगडी होती. त्या शेगडीच्या मागे, भिंतीच्या आत, पाण्याने भरलेली एक लोखंडी पेटी होती. तिला बॉयलर म्हणायचं. शेगडी पेटली की त्यातलं पाणी तापायचं आणि पाइपांतून घरभर फिरून खोल्याखोल्यांतले रेडिएटर गरम करायचं. त्या हिवाळ्यात अशी थंडी पडली की गावातल्या निम्म्या घरांचे पाइप फुटले, आणि आमचाही स्वयंपाकघरातला एक एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणावरचा जोड, गळायला लागला. प्लंबर मिळणं म्हणजे देव भेटणं. दुसऱ्या दिवशी आमच्या लेकीचं बारसं होतं, लीड्स-ब्रॅडफर्डची मराठी मंडळी यायची होती. जयवंत म्हणाले, "माग खोलून परत जोडतो मी, एल्बो म्हणजे काय?"

आधी सगळं पाणी काढायचं नव्हतंच. बॉयलरला पाणी माळ्यावरच्या छोट्या टाकीतून यायचं; तिच्यातला तरंगता बॉलकॉक त्यांनी सुतळीने आडव्या फळीला वर बांधून टाकला, म्हणजे नवं पाणी येणार नाही. मग स्वयंपाकघरात, शेगडीच्या भिंतीच्या मागल्या बाजूला जमिनीलगत पाणी काढायचा कॉक होता, त्याला नळी लावली. माझ्या खोलीतल्या रेडिएटरची वरची चावी छोट्या किल्लीने सैल केली, तर तो श्वास ओढल्यासारखा आवाज करत रिकामा झाला. अर्धं पाणी काढून भागेल असं वाटलं होतं. पण गळका एल्बो निघाला पार जमिनीला टेकलेला. तेव्हा पाणी आणखी उतरवावं लागलं, इतकं की शेगडीमागची पेटीही कोरडी पडली.

हे सगळं ते मला दारात उभं राहून सांगत होते, तेवढ्यात आक्का पोरीची दुपटी घेऊन वर आल्या.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या बाळंतपणासाठी इचलकरंजीहून एकट्या विमानात बसून आल्या होत्या, सोबत ओवा, बाळंतशोपा, वावडिंग आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. जीव लावणारी बाई, पण तोंड म्हणजे तोंड. कुणाच्या घरी आमटीत मीठ कमी पडलं तर ते संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला कळायचं. माझ्या माहेरच्यांनी रुखवतात मांडलेल्या करंज्या मऊ पडल्या होत्या, ते लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्या आल्यागेल्याला सांगत. त्यांच्या तोंडी सापडू नये म्हणून मी जपून असे.

"आक्का, आज शेगडी पेटवायची न्हाई," जयवंतांनी बजावलं. "आत पाणी न्हाई."

"मला शिकवतोस व्हय रं?" आक्का म्हणाल्या. "जलमभर बंब पेटवलाय मी. रिकाम्या बंबाखाली इस्तू कोण घालतंय? सांध्यांचा डाक वितळून हातात येतोय त्यो."

जयवंत निर्धास्त झाले. मीही झाले. मफलर गुंडाळून ते नवा एल्बो आणायला गेले.

इथं तो बंब सांगायला हवा. आमच्या खोलीबाहेर जिन्याच्या तोंडाशी एक कपाट होतं आणि त्यात पुरुषभर उंचीचं तांब्याचं पिंप. न्हाणीघरातल्या नळाला गरम पाणी यायचं ते या पिंपातून. आक्का आल्या त्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं इंदे, हितंबी बंब हाय की!" परक्या देशात ओळखीचं माणूस भेटावं तसा त्यांनी त्यावरून हात फिरवला. तेव्हापासून रोज सकाळी त्या पिंपावर टिचकी मारून बघत. रिकामा बंब वाजतो, भरलेला दबका बोलतो, हे आमच्याकडच्या पोरीबाळींनाही कळतं.

दुपार उलटली. बर्फ पुन्हा सुरू झाला, आणि जयवंतांचा पत्ता नाही. खोलीत माझा श्वास मला दिसत होता. मी पोरीला छातीशी धरून पडले होते, पण तिचे तळवे गार पडले होते. नाक चोंदलेलं. दूध ओढायला तोंड लावी आणि श्वास कोंडून सोडून देई. थोड्या वेळाने तिने रडणंही सोडलं, आणि मग मात्र मला भीती वाटली.

"आक्का, ही पीत नाहीये."

आक्कांनी तिच्या छातीला कान लावला. आधी गरम पाण्याची पिशवी करून झाली होती, तेल चोळून झालं होतं. कान लावून त्या तशाच वाकून राहिल्या.

"घरघर वाजतीया," त्या म्हणाल्या. "धुरीबिगर मोकळी व्हायची न्हाई ही."

धुरी म्हणजे खापरात निखारे घ्यायचे, त्यावर ओवा टाकायचा आणि तो धूर बाळाच्या अंगाला, पाठीला द्यायचा. आक्का रोज अंघोळीनंतर देत. शेगडीतले निखारे चिमट्याने उचलून माझ्या एका जुन्या तव्यात घेत. स्वयंपाकघरातली चूल विजेची होती, तिच्यात निखारा कुठला यायला?

"हे येऊ देत," मी म्हटलं.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "जयवंताच्या आधी एक पोरगी हुती मला. तुला ठावं न्हाई. पौषातच हुती. सासू म्हणली, तुझा नवरा बाजारातनं येऊ दे, मग वैद्याकडं जाऊ. त्यो येस्तवर ऱ्हायली न्हाई ती."

त्यांनी पोरीला माझ्या कुशीतून उचललं. "तू डोळं मीट. मी बघतो काय करायचं ते." कोल्हापूरकडच्या बायकांसारख्या त्या 'मी बघतो, मी करतो' असंच बोलत.

त्या बाहेर पडल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग टिचकी. दबका, भरीव आवाज.

"भरलाय की," आक्का स्वतःशीच म्हणाल्या.

जिन्यावर त्यांची पावलं उतरत गेली. मी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. कशी झोप लागली मला कळलं नाही.

जाग आली ती ओव्याच्या वासाने. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! झोपेतच वाटलं, मी माहेरी आहे, शेजारच्या खोलीत कुणी बाळंतीण आहे. मग कानाशी काहीतरी टकटक वाजलं. रेडिएटरला जोडलेला पाइप वाजत होता. जरा थांबायचा, पुन्हा वाजायचा. खालून भिंतीतून एक धपका आला, कुणीतरी आतून मूठ मारल्यासारखा. डोक्यावर माळ्याच्या फळ्या करकरल्या.

"इंदू!" माळ्याच्या झडपेतून जयवंतांचा आवाज आला, अगदी खुशीत. "झालं बघ काम! बॉलकॉक सोडला. आता तासाभरात घर ऊब धरेल!"

"कधी आलात?"

"मघाशीच की, मागल्या दारानं. स्वयंपाकघरातच खपत होतो. बैठकीचं दार लावलंय, आक्का पोरीला घेऊन निजल्यात वाटतं."

सर्दीने त्यांचं नाक चोंदलेलं होतं. मला मात्र ओव्याचा वास येत होता, आणि ओव्याच्या मागे कोळशाचा. निखारे कुठून आले, एवढंच माझ्या मनात आलं. पुढचं सगळं त्याच्या पाठोपाठ आलं.

"बंद करा!" मी ओरडले. "पाणी बंद करा! शेगडी पेटलीय खाली!"

मग धाडकन फळीवर गुडघे आपटल्याचा आवाज.

"कुणी पेटवली?"

"आक्कांनी! पोरगी तिथंच आहे!"

"मी बॉल वर धरलाय!" त्यांचा आवाज ओळखू येईना. "सुतळी कापली मी, गाठ सुटंना म्हणून. हात सोडला तर पाणी जाईल. थोडं गेलंयच खाली. तू जा! इंदू, तू जा!"

मी जिना कशी उतरले, देव जाणे. टाके ओढत होते. आपला नवरा वर छपराखाली त्या बर्फगार टाकीत हात घालून उभा आहे आणि हे घर फुटलं तर आधी छप्पर जाईल, हे मला कळत होतं. पण पाय खालीच धावले. बैठकीच्या दाराच्या फटीला आक्कांनी आतून दुपटं कोंबलं होतं. मी खांद्याने दार ढकललं.

खोली ऊबदार होती. शेगडी लालबुंद पेटलेली. तिच्यापासून हातभर अंतरावर आक्का गोधडीवर पाय लांब करून बसल्या होत्या, पायांवर पोरगी पालथी, तेलाने चकाकणारी, आणि शेजारी तव्यात ओव्याचा धूर. पोरीच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि ती चांगली खणखणीत रडत होती. आक्कांचा चेहरा समाधानाने फुलला होता. शेगडीमागच्या भिंतीत काहीतरी खदखदत होतं.

"बघ, कशी मोकळी झाली," त्या म्हणाल्या.

"बाळ द्या."

"अगं, धुरी अर्धी टाकून उठवायचं नसतंय. जरा दम..."

"द्या म्हणते ना!"

मी वाकून पोरीला त्यांच्या पायांवरून हिसकून घेतलं. दुसऱ्या हाताने त्यांच्या दंडाला धरलं आणि ओढलं. सासूच्या अंगाला असा हात आमच्या घरात कुणी लावला नव्हता, लावायचं मनातही आणलं नव्हतं. त्या एका गुडघ्यावर कोलमडल्या. "अगं, येड लागलं का तुला? उघडी हाय ती!" बोलायला वेळच नव्हता. दाराशी टांगलेला जयवंतांचा कोट खेचून पोरीवर टाकला, पुढचं दार उघडलं आणि आक्कांना अक्षरशः ढकलत, अनवाणी, रस्त्यावरच्या बर्फात नेलं.

मग मी घराकडे तोंड करून ओरडले, "बाहेर या! आम्ही आलोय बाहेर! तुम्ही या!"

दार उघडंच होतं. आत अंधारा जिना दिसत होता. कुणी येत नव्हतं. मिसेस क्लेग त्यांच्या दारात आल्या, माझ्याकडे, मग आमच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. आक्कांच्या साडीचा काठ बर्फात भिजत होता.

जयवंत जिन्यावर दिसले. गळ्यातला मफलर नव्हता. त्या मफलरानेच त्यांनी बॉलकॉक पुन्हा वर बांधून टाकला होता. ते उंबऱ्यात आले, बाहेर पडले, आणि त्यांचं पाऊल पायरीवर असतानाच आत आवाज झाला.

मोठा स्फोट वगैरे नाही. एकच, कोरडा, जाड आवाज. बैठकीच्या खिडकीची काच रस्त्यावर आली आणि तिच्यामागे वाफ आणि काजळी. त्यानंतर बराच वेळ फक्त आतलं काहीतरी खाली पडत राहिल्याचं ऐकू येत होतं.

धूर विरल्यावर आम्ही खिडकीतून पाहिलं. शेगडीच्या फरशा खोलीभर उडाल्या होत्या. गोधडीवर, बरोबर आक्का बसल्या होत्या तिथे, हाताएवढा लोखंडाचा तुकडा पडला होता आणि त्याच्याभोवती गोधडी जळत होती.

ती विझवून झाल्यावर मिसेस क्लेगच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. जयवंतांचा हात कोपरापर्यंत निळा पडला होता. पोरगी माझ्या अंगाशी होती आणि अधाशासारखी पीत होती. आक्का कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हातात चहाचा कप तसाच धरून.

"त्या पिंपातलं पाणी वेगळं असतं," जयवंत हळू आवाजात मला सांगत होते. "नळाला येतं ते. बॉयलरचं पाणी त्या पिंपाच्या पोटातल्या नळीतून नुसतं फिरून जातं, त्यात मिसळत नाही. पिंप भरलेलंच होतं. मी ते काढलंच नव्हतं."

"म्हणजे आक्कांनी बघितलं ते..."

"बरोबर बघितलं. त्यांची टिचकी बरोबर होती." त्यांनी डोळे पुसले. "इंदू, आक्काला हे कधी कळता कामा नये. जन्मभर जळत राहील ती. थंडीनं फुटलं म्हणायचं."

त्यांनी आईला तसंच सांगितलं. "आक्का, थंडीनं लोखंड फुटलं. हितं फुटतंयच हिवाळ्यात."

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "व्हय का," एवढंच म्हणाल्या.

बारसं मिसेस क्लेगच्या घरात झालं. मृणाल नाव ठेवलं. त्या दिवशी अंघोळीची वेळ झाली तेव्हा आक्का म्हणाल्या, "तूच घाल. माझं मनगट दुखतंय." ते मनगट त्या परत जाईपर्यंत दुखत राहिलं. मी मनात म्हटलं, राग धरलाय. धरणारच. भर धुरीतून सुनेने पोर हिसकलं, दंडाला धरून बर्फात ढकललं, आणि कारण काय तर काही नाही, थंडीनं फुटलं. खरं सांगून सुटायची सोय नव्हती. विमानतळावर त्यांच्या पाया पडताना मी मनाची तयारी केली की आता ही गोष्ट करंज्यांच्या वरच्या नंबरला जाणार.

त्यानंतर आम्ही इचलकरंजीला गेलो की मी वाट बघत असे. जावेच्या तोंडून येईल, शेजारच्या काकूंकडून येईल. करंज्या यायच्या. मी कांदा जाड चिरते ते यायचं. ती गोष्ट कधी आली नाही. कुणालाच माहीत नव्हती. बाकीच्या नातवंडांना आक्का एकामागून एक न्हाऊ घालत, चोळून चोळून लाल करत, आणि मृणाल पुढे आली की म्हणत, "जा, आईकडनं घालून घे." पोरगी मला विचारी, "आजी मला का नाही घालत?" मी म्हणे, "तू साहेबीण ना, म्हणून." सासूचा राग आहे हे पोरीला कसं सांगायचं?

मग एका सुट्टीत, मृणाल आठ वर्षांची असताना, मी सकाळी लवकर मागच्या पडवीत गेले. आक्का बंबापाशी होत्या. थकल्या होत्या, पाठीत वाकल्या होत्या. त्यांनी बंबाचं झाकण काढलं, पदर खोचला आणि आत कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला, ओला हात बघितला, पुन्हा घातला. मग कुठे काडी ओढली.

मला हसू आलं. "आक्का, टिचकी मारा की. थंडीत हात कशाला भिजवायचा?"

"टिचकी खोटं बोलती," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

आक्कांनी जळती काडी तशीच धरून ठेवली. ती बोटापर्यंत जळत आली तेव्हा जमिनीवर टाकली.

"एकदा बोलली हुती."

मी खांबाला टेकून उभी राहिले.

"त्यो काय सांगतोय थंडीनं फुटलं म्हणून," आक्का म्हणाल्या. "गोधडी बघितली हुती मी खिडकीतनं. मला कळत न्हाई व्हय? तू वडून घेतलीस म्हणून हाय ती पोरगी. दोघं गप ऱ्हायलात, म्हणून मीबी गप ऱ्हायलो."

मला रडू फुटलं. आठ वर्षं मी त्यांच्या रागाला भीत होते, आणि त्या आठ वर्षं स्वतःच्या हातांना भीत होत्या.

मी आत गेले. मृणालला अंथरुणातून उठवून आणली, तिचा फ्रॉक काढला आणि तिला बंबाशेजारच्या दगडावर उभी केली. "आक्का, हिला आज तुम्ही घाला."

"नको गं."

"मी सांगते म्हणून घाला."

मृणाल दोघींकडे आळीपाळीने बघत होती. आक्कांनी हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. मग बंबाकडे बोट केलं.

"आधी तू बघ. झाकण काढून."

मी झाकण काढलं, आत हात घातला. पाणी काठोकाठ होतं.

"भरलाय," मी म्हटलं.

"नीट बघितलंस न्हवं?"

"नीट बघितलं."

आक्का पुन्हा काडी ओढायला खाली बसल्या, पण काडेपेटी त्यांनी माझ्या हातात दिली.